आकड्याचा पत्ता
मानवी भूगोलातील संशोधनाची पहिली पावले : प्रस्तावना

लघुप्रबंधाचा विषय कोणता घेतला, असे विचारले की भूगोलाचे बहुतेक विद्यार्थी आधी जिल्ह्याचे नाव सांगतात. ‘बीड जिल्ह्यातील हंगामी स्थलांतर : एक भौगोलिक अभ्यास.’ मग प्रश्नावली छापली जाते, शंभर-दीडशे कुटुंबांकडून ती भरून घेतली जाते, टक्केवारी काढली जाते, नकाशे रंगवले जातात आणि शेवटच्या प्रकरणात ‘स्थलांतराचे मुख्य कारण रोजगाराचा अभाव हे आहे’ असा निष्कर्ष येतो. गावातल्या एसटी थांब्यावर उभ्या असलेल्या कोणालाही हा निष्कर्ष आधीपासून ठाऊक असतो. एवढी पायपीट करून हाती हेच लागावे याचे मला फार वाईट वाटते. मुले कष्टाळू असतात, विषय अस्सल असतो. पण संशोधनाला हात कुठून घालायचा, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. हे छोटे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

माणसे आणि जागा यांच्या संबंधांचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल, ही व्याख्या पहिल्या वर्षालाच पाठ होते. संशोधकाच्या कामात तिचा अर्थ बराच रोखठोक आहे. समोर आलेली माहिती कुठे गोळा झाली, वर्षातल्या कोणत्या दिवसांत झाली आणि कोणाच्या तोंडून आली, हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. प्रत्येक आकड्याला असा एक पत्ता असतो. तो शोधायची सवय लागली की नमुना निवड, मुलाखत, नकाशा, सांख्यिकी या गोष्टी आपापल्या जागी बसतात. ती सवय नसेल तर कितीही चांगले सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून पुस्तकभर एकच उदाहरण पुन्हा पुन्हा घेतले आहे : ऊसतोडीचे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर अशा तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात आणि गाळप संपले की परततात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फेडण्यासाठी ऊस तोडायचा आणि वाहन भरायचे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र परके नाही. त्यामुळेच ते शिकवायला चांगले, कारण ओळखीच्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारणे सर्वांत अवघड असते.

सुरुवात जनगणनेपासून करू, कारण प्रत्येक विद्यार्थी तिथूनच करतो. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा होता. नियम असा की, एखादी व्यक्ती तिच्या नेहमीच्या घरी या काळात एक दिवस जरी असेल तर ती तिथे मोजायची. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायची. आता फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. बालाघाटातल्या गावाची अर्धी घरे कुलूपबंद, आणि त्या घरांतली माणसे दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. नियम नीट पाळला गेला असेल तर ही माणसे गावाच्या लोकसंख्येत नाहीत, कारखान्याजवळच्या गावाच्या लोकसंख्येत आहेत. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी सगळ्या कुटुंबाची नावे सांगितली असतील तर ती गावच्या आकड्यात आहेत. शेतात बांधलेल्या कोप्यांपर्यंत प्रगणक पोहोचलाच नसेल आणि गावातले घरही बंद असेल, तर ती कुठेच नाहीत. गावागणिक यांतले वेगवेगळे काही घडलेले असू शकते. म्हणून जनगणना पुस्तिकेतून गावाची लोकसंख्या उतरवून घेताना तिच्याशेजारी ‘फेब्रुवारी’ हा शब्द लिहायला मी विद्यार्थ्यांना सांगतो. जनगणना चुकीची आहे असा याचा अर्थ मुळीच घेऊ नये. इतक्या मोठ्या देशात इतक्या बारकाईने केलेली मोजणी ही संशोधकाची फार मोठी ठेव आहे. ती वापरताना तिचे नियम वाचले पाहिजेत, इतकेच.

दुसरा स्रोत राष्ट्रीय नमुना पाहणीचा. जुलै २००७ ते जून २००८ या काळात झालेल्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोण, याची व्याख्या अशी होती : मागच्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी किमान एक महिना, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती. उसाचा हंगाम पाऊसपाण्याप्रमाणे चार महिन्यांत आटोपतो किंवा सहा महिन्यांपर्यंत लांबतो. ज्या वर्षी ऊस भरपूर, त्या वर्षी जास्त दिवस तोड. आणि ज्याची तोड सहा महिन्यांवर गेली तो कामगार या व्याख्येतून बाहेर पडतो. म्हणजे काम वाढले की त्याची नोंद पुसली जाण्याची शक्यता वाढते. कोणी मुद्दाम केलेले नाही हे. रेषा कुठे तरी ओढावीच लागते. पण ती रेषा आपल्या अभ्यासविषयाच्या नेमकी अंगावरून जात असेल तर ते संशोधकाने आधी ओळखायला हवे, आणि प्रबंधात पहिल्या दहा पानांत लिहायला हवे.

तिसरी गोष्ट मोजमापाच्या एककाची. या धंद्यात मजूर मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कारखान्याचा आणि मुकादमाचा हिशेब याच एककात चालतो. विद्यार्थी मुकादमाकडे जाऊन ‘तुमच्या टोळीत किती?’ असे विचारतात, ‘वीस कोयते’ असे उत्तर मिळते आणि वहीत वीस मजूर असे लिहिले जाते. तिथेच वीस बायका गळतात. फडात पुरुष ऊस तोडतो, बाई पाला काढते, वाढे वेगळे करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. मजुरी टनावर ठरते आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. मग आपण घरी जाऊन जी प्रश्नावली भरतो तिच्यात ‘कुटुंबप्रमुख’, ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’, ‘वार्षिक उत्पन्न’ असे रकाने असतात. उत्तर देणारा पुरुष. बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ असे तो सहज सांगतो आणि आपण सहज लिहितो. हे उत्तर घेणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर त्या बाईचे हात असतात, उसाच्या पात्यांनी चिरलेले. रकाना बदलणे तिच्या हातात असते. ‘कोणते काम करता?’ याऐवजी ‘काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केले?’ असे, आणि हे त्या बाईलाच विचारले, तर वेगळीच माहिती मिळू लागते.

या दुसऱ्या प्रश्नामागे एक चांगली भौगोलिक परंपरा आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आग्रहाने मांडले की, माणसाचा दिवस जागा आणि वेळ अशा दोन्ही अक्षांवर एकत्र मांडून पाहिला पाहिजे. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो, आणि काही ठिकाणे ठरावीक वेळीच उघडी असतात. या साध्या बंधनांतून कोणाला काय करणे शक्य आहे हे ठरते. कोपीतल्या बाईचा दिवस असा मांडून पाहा. अंधारात उठून चूल, पाणी, भाकऱ्या. उजाडायच्या आत फड. दुपारी उन्हात मोळ्या. वाहन रात्री आले तर रात्री भरणी. मग पुन्हा चूल. प्राथमिक आरोग्य केंद्र चार किलोमीटरवर आहे, असे नकाशा सांगतो. अंतर तर फार नाही. पण बाह्यरुग्ण विभाग ज्या वेळेत उघडा असतो त्या वेळेत ती फडात असते, आणि एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. तिच्या दृष्टीने ते केंद्र तिथे असून नसल्यासारखे. चार किलोमीटरच्या वर्तुळात किती वस्त्या येतात हे संगणकावर एका मिनिटात काढता येते. हा दिवस मांडायला मात्र कोपीसमोर बसून तिचे ऐकावे लागते. मला विचाराल तर या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याला यायला हव्यात.

अशा चिकाटीच्या कामाची आपल्याकडे उणीव नाही, याची आठवण मुद्दाम करून देतो, कारण पद्धतीशास्त्र म्हणजे परदेशी पुस्तकांतून आलेली गोष्ट असा समज वर्गात घट्ट आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन स्वतः इंग्रज होते खरे, पण त्यांचे काम इथल्या मातीतले आणि इथल्या सहकाऱ्यांबरोबर केलेले. पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या नोंदींपर्यंत मागे जाऊन त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. एकच गाव, पण दीडशे वर्षांचा पट. शिवाय त्यांनी कुटुंबांची विभागणी केली ती अशी : नुसत्या जमिनीवर निभावणारी, जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन निभावणारी, आणि दोन्ही मिळूनही न निभावणारी. म्हणजे गावाबाहेर मिळणारे काम हा गावाच्याच अर्थव्यवस्थेचा भाग, हे त्यांनी तेव्हाच हिशेबात धरले. पण शहराजवळच्या एका गावावरून दख्खनच्या साऱ्या गावांबद्दल बोलता येईल का? मॅन पुढे पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाकडे वळले, आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला तो दुसरा अभ्यास १९२१ मध्ये आला. तुलनेसाठी जागा कशी निवडावी हे शिकायला याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. तिथल्याच एखाद्या इमारतीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने मॅनचा अहवाल हातात घेऊन आपल्या परिसरात फिरावे, अशी माझी फार इच्छा आहे.

गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली पुणे शहराची पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत छापली गेली आणि पुढे १९५६ मध्ये फेरपाहणीही प्रसिद्ध झाली. त्याच शहरात पुन्हा जाऊन पुन्हा विचारणे, ही शिस्त आज दुर्मीळ झाली आहे. इरावती कर्वे यांनी जयंत रणदिवे यांच्यासह फलटण आणि भोवतालच्या गावांचा अभ्यास केला, तो १९६५ चा. बाजार, शिक्षण, दवाखाना, सोयरीक यांसाठी माणसे कुठून कुठे जातात, हे पाहिले की वाढत्या गावाचे परिसराशी असलेले नाते दिसते, आणि नकाशावरची तालुक्याची हद्द त्यापुढे अपुरी वाटू लागते. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचा कर्वे आणि जाई निंबकर यांचा अहवाल १९६९ मध्ये आला. विस्थापितांचा अभ्यास करायचा तर बुडालेल्या गावाचा पत्ता उपयोगाचा नाही. माणसे जिथे जिथे विखुरली तिथे जावे लागते. ऊसतोड कामगारांबाबतही हेच आहे. गावात मे महिन्यात घेतलेली मुलाखत आणि कोपीत जानेवारीत घेतलेली मुलाखत, दोन्ही एकाच माणसाच्या असल्या तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. शक्य असेल तर दोन्ही घ्याव्यात.

मुलाखतीबद्दल पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण आहे, आणि त्याबद्दल इथे थोडे अधिक लिहितो. कोप्यांच्या तळावर जायचे तर बहुतेक वेळा मुकादमामार्फतच जावे लागते. तो आपल्याला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि चार-पाच जणांना बोलावून आणतो. ती माणसे त्याने निवडलेली असतात, तो शेजारी उभा असतो, आणि आपण विचारतो, ‘उचल किती घेतली? किती फिटली?’ त्या क्षणी आपण समोरच्याला अडचणीत टाकत असतो. त्याने खरे सांगितले तर उद्या त्याला त्याच मुकादमाबरोबर राहायचे आहे, आणि आपण संध्याकाळच्या गाडीने परतणार आहोत. गावातही तसेच. चावडीवर बसून विचारले तर चावडीवर बसणाऱ्यांचीच उत्तरे मिळतात. वस्तीवरची, तांड्यावरची माणसे तिथे येत नाहीत, आणि आली तरी बोलत नाहीत. म्हणून कुठे बसून विचारले, शेजारी कोण होते, कोण मध्येच उठून गेले, हे टिपणवहीत उत्तराइतक्याच काळजीने लिहायचे, आणि त्याच रात्री लिहायचे. नाव लिहायचे नाही. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि विचारल्यावर ‘काढा की’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायची सोय होती का, याचाही विचार करायचा. कर्जाचे प्रश्न एकांतात, किंवा मुळीच नाहीत. एक रकाना मोकळा राहिला तर प्रबंध पडत नाही.

नकाशाबद्दल एक इशारा. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हा आकडा आणि हंगामी स्थलांतराचा नकाशा शेजारी ठेवला की दोहोंत कारणसंबंध जोडण्याचा मोह आवरत नाही. पण जिल्ह्याचा आकडा जिल्ह्याबद्दल सांगतो, त्यातल्या एखाद्या घराबद्दल नाही. मुली कमी कोणाच्या घरांत झाल्या? तोडीला जाणाऱ्यांच्या, की गावात राहून बागायत करणाऱ्यांच्या, की तालुक्याच्या ठिकाणच्या नोकरदारांच्या? बीड जिल्ह्यातच गोदाकाठी गेवराई-माजलगावच्या बाजूला कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, आणि बालाघाटावर मुरमाड, उथळ जमीन आहे. सरासरीत हे दोन्ही एकत्र कालवले जातात. ठाणे जिल्ह्याचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे : २०११ मध्ये एक कोटी दहा लाखांहून अधिक वस्तीचा, देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा हा जिल्हा. त्याच्या सरासरीत ठाणे शहर आणि मोखाडा एकाच ओळीत येत होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलनाही करता येत नाही. रंग भरण्याआधी हद्दी तपासाव्यात.

जुन्या कागदपत्रांचे प्रकरण छोटे आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॅम्पबेल यांनी संपादित केलेले ब्रिटिशकालीन गॅझेटियर मुंबई इलाख्याचे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. पुण्याच्या विद्यार्थ्याला जी साधने हाताशी मिळतात ती बीडच्या विद्यार्थ्याला मिळत नाहीत. त्याला उर्दू, फारसी, मोडी कागदांशी गाठ घालावी लागते, किंवा ते वाचू शकणाऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे लागते. साधनांची ही विषमता हादेखील भूगोलच आहे आणि मराठवाड्यावरचे काम कमी का, याचे काही उत्तर तिच्यात आहे.

सिद्धान्तांचा धाक मनातून काढून टाकावा. रेव्हन्स्टाईन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले; जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक स्थलांतर करतात, हे त्यांतले एक निरीक्षण. आपल्या जनगणनेतही स्थलांतरित स्त्रियांची संख्या मोठी दिसते आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकींपुढे ‘विवाह’ असते. पण लग्न होऊन सासरी आलेली मुलगी दोन महिन्यांत नवऱ्याबरोबर फडावर जाते, तेव्हा तिचे कारण कोणते लिहायचे? सिद्धान्त वाचायचा तो असा, त्याने आपल्या ओळखीच्या माणसांबद्दल नवा प्रश्न सुचवावा म्हणून.

आणि प्रश्न हाच या सगळ्यातला कस आहे. ‘बीडमधून लोक का जातात?’ हा प्रश्न फार मोठा आणि फार सोपा आहे. एकाच तालुक्यातल्या, सारख्याच पावसाच्या, सारख्याच जमिनीच्या दोन शेजारच्या गावांपैकी एकातून दरवर्षी गाड्या भरून कोयते निघतात आणि दुसऱ्यातून मोजकेच, असे का? इथे संशोधन सुरू होते. पाझर तलाव, मुकादमाचे गाव, दुधाचे संकलन केंद्र, शाळेची वसतिगृहाची सोय, पुण्याला जाऊन राहिलेली एखादी भावकी : शक्यता बऱ्याच आहेत, आणि प्रत्येक शक्यता पडताळण्यासाठी कुठे जायचे, कोणाला भेटायचे, कोणता कागद मागायचा हे ठरवता येते. पुस्तकातली प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. प्रश्नावली सातव्या प्रकरणात येते. त्याआधी ती छापू नये, ही विनंती.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा गाळपाच्या दिवसांतच होणार. या पुस्तकाच्या वाचकांपैकी काही जण तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतील. त्यांनी एखादा कारखाना निवडून आसपासच्या कोप्यांचे तळ आधीच नकाशावर लावून ठेवावेत, प्रगणक तिथे येतो का ते पाहावे, आणि त्याच टोळीच्या गावी हंगामानंतर जाऊन तिथे या कुटुंबांची नोंद झाली का, हेही विचारावे. दोन गावे, एक टोळी आणि चार महिने एवढ्यात हे काम होण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारा नोंदींचा तक्ता परिशिष्टात दिला आहे.